तुम्ही विचारलंत म्हणून: हे लोकांना पटेल का?

पटकथा लिहायला घेतलेली मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "माझ्या सिनेमात मेलेला माणूस कुत्रा होऊन परत येतो." "माझी नायिका रोज सकाळी वेगळ्या वयाची होऊन उठते." आणि पाठोपाठ, "लोकांना हे पटेल का हो? असं का होतं ते कुठेतरी सांगावं लागेल ना?" इतक्या जणांनी विचारलंय, म्हणून एकदा नीट लिहितो.

सांगावं लागत नाही. 'ग्राउंडहॉग डे' (१९९३) मध्ये एका माणसाच्या वाट्याला तोच तो दिवस पुन्हा पुन्हा येतो. का येतो, हे शेवटपर्यंत कळत नाही. आधीच्या एका मसुद्यात नाकारलेल्या प्रेयसीचा शाप असं कारण घातलेलं होतं, ते काढून टाकलं. काढल्याने काही बिघडलं नाही. 'हे का घडलं' यावर प्रेक्षक फारसा अडत नाही. तो अडतो ते 'याला असं वागायची नड काय होती' यावर. नड खरी असेल तर पुढचं सगळं सोंग तो आनंदाने चालवून घेतो.

१९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी' आपल्याला तोंडपाठ आहे, म्हणून तोच उघडून बघू. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून वसंत सबनीसांनी तो मराठीत लिहिला, सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केला. गोष्ट एका ओळीत सांगा: चार तरुण पोरं, त्यातली दोघं साड्या नेसून उरलेल्या दोघांच्या बायका होतात आणि घरमालकिणीच्या डोळ्यांदेखत संसार थाटतात. कागदावर कुणीही म्हणेल, अर्ध्या मिनिटात ओळखू येतील.

पण सबनीसांनी आधी काय केलंय ते बघा. धनंजय माने सरपोतदारांकडे भाड्याने राहतो. तिथे बाकीच्यांना चोरून ठेवावं लागतं. ते उघडकीला येतं आणि सगळे रस्त्यावर येतात. खिशात पैसे नाहीत. पुण्यात खोली मिळत नाही. लीलाबाई काळभोरांचं घर मिळण्यासारखं आहे, पण त्यांची अट एकच, बिऱ्हाड जोडप्याचं हवं. यातली एकही गोष्ट खोटी नाही. पुण्या-मुंबईत एकट्याने खोली शोधत फिरलेल्या कुणालाही 'फक्त फॅमिली' हे उत्तर पाठ असतं. एकेक दार बंद होत जातं, शेवटी एकच उरतं आणि त्यातून साडी नेसूनच आत जावं लागतं. तोवर प्रेक्षक स्वतःच मनात म्हणत असतो, अरे नेसा आता.

तुमच्या कल्पनेसाठी हेच करा. कागद घ्या आणि लिहा: या जागी कुठलाही शहाणा माणूस काय करेल? पोलिसांत जाईल. डॉक्टरकडे जाईल. आईला खरं सांगून टाकेल. गावी निघून जाईल. कुणाकडून पैसे उसने घेईल. पाच-सहा वाटा सहज निघतात. प्रत्येक वाट बंद करायला एखादा संवाद पुरतो, नाहीतर फार तर अर्ध्या पानाचा प्रसंग. पानाला एक मिनिट या हिशेबाने दोन तासांची पटकथा ११०-१२० पानांची होते. पहिल्या १५-२० पानांत या वाटा बंद झाल्याच पाहिजेत. एक जरी उघडी राहिली, तरी मध्यंतरात वडा खाताना लोक नेमकं तेच बोलतात, "पण त्याने सरळ सांगून का नाही टाकलं?" एकदा हे वाक्य तोंडातून गेलं की मध्यंतरानंतर तुम्ही कितीही चांगलं लिहा, त्यांचं लक्ष त्या उघड्या दाराकडेच राहतं.

त्याच सिनेमाची दुसरी जमेची बाजू आपल्या मातीतली आहे. पुरुषाने साडी नेसली की त्याला बाई समजायचं, हा संकेत मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला होता. बालगंधर्वांच्या स्त्री-भूमिकांवर पिढ्या वाढल्या. 'मोरूची मावशी'त विजय चव्हाणांचं लुगडं लोकांनी डोक्यावर घेतलं. म्हणून कल्पना सुचली की आधी शोधा, आपल्या प्रेक्षकाने कुठली अशक्य गोष्ट आधीच मान्य करून ठेवली आहे? अंगात येणं, पुनर्जन्म, जुळी भावंडं, नवस फळणं. तुमची कल्पना यातल्या एखाद्या खुंटीला टांगता आली तर अर्धं काम झालं.

आणि डोहाळजेवण! पार्वती झालेल्या परशाचं डोहाळजेवण होतं, त्यावर अख्खं गाणं आहे. ही दुसरी थाप बाहेरून आणून चिकटवलेली नाही. बायको म्हटली की आजूबाजूच्या बायका पुढची चौकशी करणारच. म्हणजे पहिल्या खोट्याच्याच पोटी दुसरं जन्माला आलं. वाढवायचं ते असं. मूळ कल्पना एकच ठेवायची आणि तिला तिच्याच फांद्या फुटू द्यायच्या. माझ्या वाचनात येणारे बहुतेक मसुदे इथेच आजारी पडतात. मध्यंतरापर्यंत नायक अदृश्य असतो, मध्यंतरानंतर त्याला भविष्यही दिसायला लागतं. पहिलं अशक्य प्रेक्षकाने उधारीवर दिलेलं असतं. दुसऱ्या उधारीला तो तयार नसतो.

आता नियम. 'बॅक टू द फ्यूचर' (१९८५) मधली गाडी काळात मागे-पुढे जाते. त्यासाठी ताशी ८८ मैल, म्हणजे साधारण १४२ किलोमीटर वेग लागतो आणि १.२१ गिगावॅट वीज लागते. यंत्र चालतं कसं? एका सुट्या भागाला भारदस्त नाव दिलंय, त्यापलीकडे काही नाही. पण एवढी वीज गाडीला मिळते ती प्लुटोनियम या अणुइंधनातून, आणि १९५५ सालात अडकलेल्या पोराला ते मिळणं शक्य नाही. एवढी वीज देणारी एकच गोष्ट उरते, आभाळातली वीज. ती गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर रात्री १० वाजून ४ मिनिटांनी पडणार, एवढंच त्याला ठाऊक आहे. सगळा शेवट दोन आकडे आणि एक वेळ यावर उभा आहे. १.२१ च्या जागी ३ असतं तरी चाललं असतं. आकडा आधी सांगितलाय आणि तो शेवटपर्यंत हलत नाही, यातच सगळं आहे.

आपल्याकडे महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' (१९९३) बघा. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून आलेली, पण नियम किती स्वच्छ मांडलेत! मृत्युंजय मंत्राने तात्या विंचू बाहुल्यात गेला. बाहेर पडायचं तर ज्याला त्याने आपली खरी ओळख सर्वांत आधी सांगितली, त्याच्याच शरीरात जावं लागेल, म्हणजे लक्ष्याच्या. आणि त्याला मारायचं तर गोळी दोन भुवयांच्या मधोमधच लागली पाहिजे. तीन वाक्यं. पहिल्याने गोष्ट सुरू होते, दुसऱ्याने बाहुल्याला लक्ष्याची पाठ सोडता येत नाही, तिसऱ्याने शेवट ठरतो. त्यात लक्ष्या शब्दभ्रमकार. बाहुला आपल्या आपण बोलतो असं त्याने कितीही ओरडून सांगितलं तरी कोण ऐकणार? बाहुल्याला बोलकं करणं हाच तर त्याचा धंदा! 'दुसऱ्याला सांगून का नाही टाकलं' ही वाट एका व्यवसायाने बंद केली. तो बाहुला रामदास पाध्यांनी घडवलेला, त्यामुळे डोळ्यांची उघडझाप आणि मानेची हालचालही भरवशाची झाली. तीही पटकथेला मदतच.

नियम तीनपेक्षा जास्त नकोत. प्रत्येक नियम तीनदा वापरला जावा: एकदा समजेल असा, एकदा नायकाच्या फायद्याचा, एकदा त्याच्याच अंगाशी येणारा. 'मिस्टर इंडिया'त (१९८७) अदृश्य माणूस लाल प्रकाशात दिसतो. किती सोपी मर्यादा! चित्रीकरणाला स्वस्त, बघणाऱ्याला क्षणात कळणारी, आणि पडद्यावर नुसती लाल काच आली तरी छातीत धस्स होतं. शक्ती लिहिताना तिला न जमणारी गोष्ट त्याच पानावर लिहा. पुढे ढकललीत की ९० व्या पानावर नायकाला वाचवायला नियम वाकवायची वेळ येते, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

अशक्य गोष्टीपायी पात्राला मोजावी लागणारी किंमत मात्र नियमाहून अवघड. 'लगे रहो मुन्नाभाई'त (२००६) मुन्नाला गांधीजी दिसतात. जागरणं करकरून वाचल्याचा परिणाम, 'केमिकल लोचा', एवढं कारण. खरी कारागिरी पुढे आहे. हे गांधीजी मुन्नाला जेवढं ठाऊक आहे तेवढंच जाणतात. हा नियम लेखकांनी झाकून ठेवला आणि चारचौघांत, मुन्ना सगळ्यात उघडा पडेल अशा जागी बाहेर काढला. कल्पनेने ज्याला मोठं केलं, त्याला तिनेच खाली पाडलं. त्यानंतरही मुन्ना गांधीजींच्या वाटेने चालतो, म्हणून त्या चालण्याला वजन येतं. अशक्य गोष्टीपायी तुमच्या पात्राचं काही जात नसेल तर ती नुसती गंमत राहते, आणि गंमत ४० मिनिटांच्या पलीकडे टिकत नाही.

राहता राहिला योगायोग. 'अमर अकबर अँथनी'तला (१९७७) रक्तदानाचा प्रसंग वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने साफ चूक आहे. तिघांच्या हातातून निघालेलं रक्त नळीतून वर चढतं, एकाच बाटलीत जमा होतं आणि तिथून थेट आईच्या शरीरात जातं. गुरुत्वाकर्षण नाही, तपासणी नाही. लोक हसले नाहीत, कारण हे शेजारी शेजारी झोपलेले तिघं तिची पोरं आहेत हे फक्त प्रेक्षकाला माहीत आहे, त्या चौघांना नाही. ते माहीत असणं इतकं दाटून येतं की नळीकडे कुणाचं लक्षच जात नाही. मनमोहन देसाईंनी हा प्रसंग सुरुवातीला, श्रेयनामावलीवर ठेवला हेही विसरू नका. गोष्ट सुरू करणारा, गुंता वाढवणारा योगायोग कितीही मोठा असू दे, चालतो. गुंता सोडवायला आलेला लहानसा योगायोगही चालत नाही.

म्हणून शेवटाकडे पात्राला नवं काहीतरी हातात द्यायची गरज भासली, तर पेन थांबवा आणि दहाव्या पानावर परत या. राजामौलींच्या 'ईगा'त (२०१२, हिंदीत 'मक्खी') खून झालेला नायक माशी होऊन सूड घ्यायला येतो. माशीला चष्मा हवा, हत्यारं हवीत. ती आणायची कुठून? नायिका बिंदू सूक्ष्म कलाकुसर करणारी आहे. तांदळाएवढ्या वस्तू घडवणं हे तिचं रोजचं काम, आणि ते आपण माशी पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी बघितलेलं असतं. तेव्हा ते नुसतं तिचं नाजूक कसब वाटतं, प्रेमकथेतला एक गोड तपशील. तुमच्या दहाव्या पानावरच्या माणसांना काय काय करता येतं, त्याची यादी आजच काढून बघा.