शिर्डीच्या वाटेवरचे पाणी

रामनवमीपर्यंत शिर्डी गाठायची, या बेताने मुंबईतून दरवर्षी अनेक पालख्या पायी निघतात. लालबागमधल्या आमच्या लहानशा मंडळाची पालखी त्यांतलीच एक. ठाणे, पडघा, शहापूर, खर्डी, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, सिन्नर असा हा सुमारे २४० किलोमीटरचा रस्ता आहे आणि तो बहुतेक महामार्गाच्या कडेने, चैत्राच्या उन्हात चालावा लागतो. म्हणून पहाटे काळोखातच निघायचे, दहा-अकराच्या आत सावली गाठायची आणि उन्हे कलल्यावर पुन्हा चालू लागायचे, असा नेम असतो. गाद्या, भांडी, शिधा आणि पाण्याचे जार घेऊन टेम्पो पुढे गेलेला असतो.

शीवपासून ठाण्यापर्यंत जे आदरातिथ्य होते, त्याने खरे तर अजीर्णच व्हावे. थोड्या थोड्या अंतरावर मांडव, त्यांवर पुढाऱ्यांचे फलक, आणि खाली सरबत, केळी, वडापाव, बिस्किटांचे पुडे. देणाऱ्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण घरून जेवून निघालेल्या आणि तळव्याला अजून एकही फोड न आलेल्या माणसाला कोणी आग्रहाने तिसरे केळे देऊ लागले, की हाच मांडव घोटीच्या पुढे का घातला नाही, असा प्रश्न पडतो. मांडव मागे पडला, तरी प्लास्टिकच्या पेल्यांचा खच बराच वेळ पायांत येत राहतो.

शहापूर सोडल्यावर मांडव विरळ होत जातात. यंदा आटगावच्या पुढे टेम्पो वाहतुकीत अडकला आणि आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. महामार्गापासून जरा आत असलेल्या एका पाड्यावरच्या बाईंनी आम्हाला हाक मारली, ओटीवर बसवले आणि आतून हंडा आणला. ‘पानी घ्या बाय, घोट घोट घ्या,’ असे म्हणत त्या एकेकीच्या ओंजळीत तांब्याने पाणी ओतत होत्या. मी बाटली भरून मागितली, तेव्हा त्यांनी ती मुकाट्याने भरून दिली. पाड्यावर टँकर दोन दिवसांपासून आलेला नाही, हे त्यांच्या सुनेच्या बोलण्यातून कळले, तेही आम्ही उठता उठता. पैसे द्यायचा प्रयत्न आमच्यातल्या एका काकांनी केला. बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्यांनी पाकीट निमूटपणे खिशात ठेवले.

भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे आणि शहराच्या आजच्या पुरवठ्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. म्हणजे लालबागच्या आमच्या चाळीत पहाटे नळाला जे येते, त्यातले बरेचसे या बाईंच्या तालुक्यातले असते आणि उन्हाळ्यात त्यांच्या पाड्यावर मात्र टँकरची वाट पाहिली जाते. वारीत अनोळखी माणसांचे उपकार होतात, असे आपण कौतुकाने सांगतो. इथे उपकाराचा हिशेब कितीतरी वर्षे आधीच सुरू झालेला होता आणि बाकी आमच्याकडे निघत होती.

कसारा घाट आम्ही पहाटेच्या अंधारात चढलो. एका ट्रकचालकाने दिवे लुकलुकत ठेवून बराच वेळ आमच्या मागे सावकाश गाडी चालवली, त्यामुळे वळणांवरची धास्ती कमी झाली. त्याचा चेहरा कोणी पाहिला नाही.

घोटी ते सिन्नर हा टप्पा बायकांना सर्वांत जड जातो, आणि त्याचे कारण चालण्यात नाही. उघडे माळ, दुतर्फा शेते आणि आडोसा कुठेच नाही. पुरुषांच्या लक्षातही न येणारी ही अडचण टाळण्यासाठी अनेक जणी पाणीच कमी पितात आणि मग उन्हात भोवळ येऊन बसतात. पांढुर्लीच्या आसपास एका शेतकरी कुटुंबाने न विचारता न्हाणीघर आणि संडास आम्हा सगळ्याजणींना मोकळा करून दिला. घरातल्या आजी दाराशी बसून बादल्या भरून देत होत्या. माझ्या मते संपूर्ण वाटेवरची सर्वांत मोठी सेवा ती होती, पण तिचा फलक कोणी लावणार नाही.

शिर्डीत दर्शनाची रांग लांब होती; दर्शन क्षणभराचेच झाले, पण मनासारखे झाले.

परतल्यावर मंडळाच्या बैठकीत मी मांडले, की पुढच्या वर्षी ठाण्यापर्यंत आपले पाणी न्यायचेच नाही, तिथे ते उदंड मिळते. सगळे जार थेट आटगावला न्यावेत आणि निम्मे त्या पाड्यावर उतरवावेत. भातसाचे पाणी लालबागच्या नळातून भरून पुन्हा शहापुरात न्यायचे, यावर सगळे हसले. मलाही हसू आले. खजिनदारांचे म्हणणे असे, की गाद्यांमुळे टेम्पोत तेवढी जागा उरत नाही. दुसऱ्या टेम्पोच्या भाड्यासाठी आता वर्गणी काढायचे ठरले असून पहिली पावती वडापाव वाटणाऱ्या मांडवाच्या नावे फाडायची, असा माझा आग्रह आहे.