रूळ नसलेल्या वाटेने नागभीडला

भिवापूरची माझी आत्या पाहुण्यांची वेळ घड्याळात सांगायचीच नाही. "गाडी आल्यावर जेवू," म्हणायची. गाडी म्हणजे छोटी लाइन, नागपूर-नागभीडची अरुंद रुळांची. नागपूरच्या इतवारीहून निघालेली ती गाडी उमरेडला टेकायची, थोडा श्वास घ्यायची आणि मग कधीतरी भिवापूरला यायची. येताना डब्यात मिरचीची पोती असली तर सगळा डबा शिंकत यायचा. मी सहा-सात वर्षांचा असताना नाकाला रुमाल लावून केलेला तो प्रवास अजून आठवतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये गाडी बंद झाली, रुंदीकरणासाठी, म्हणजे अरुंद रूळ काढून रुंद टाकायला. रूळ निघाल्याचं कळलं आणि वाटलं, वाट आहे तोवर एकदा बघून यावं.

सुरुवात मोतीबागेतून केली. कडबी चौकाजवळचं हे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ ला उघडलं. पोरं आत टॉय ट्रेनमध्ये फेऱ्या मारत असतात आणि मोठी माणसं इंजिनासमोर फोटो काढतात. मी मात्र दोन रुळांमधलं अंतर बघत बसलो. ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. पलीकडे मुख्य मार्गावर धावणाऱ्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६. दुपटीहून जास्त. अडीच फुटांच्या रुळांना भराव कमी लागतो, पूल लहान लागतात, वळण घट्ट घेता येतं. पैसे कमी आणि जंगल जास्त असलेल्या मुलखात अशी लाइन टाकणं सोयीचं होतं. बंगाल नागपूर रेल्वेने १९०८ साली नागपूर-नागभीड लाइन सुरू केली ती याच हिशेबाने.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. नागपूरला रूळ गमावण्याची सवय जुनी आहे. मुंबईकडून जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची ब्रॉडगेज गाडी १८६७ साली नागपूरला पोचली. त्यानंतर १८८० च्या सुमारास राजनांदगावकडे मीटरगेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेली लाइन टाकली गेली, नागपूर-छत्तीसगढ रेल्वे नावाने. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, तिने ती लाइन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. म्हणजे जी कंपनी एका गेजला संपवून मोठी झाली, तिनेच वीस वर्षांनी अडीच फुटी रूळ अंथरले. मीटरगेज गेली तेव्हा कुणी हळहळल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. हळहळणारी पिढीच आता नाही म्हणा.

जानेवारी २०२२, सकाळी सात. आतेभाऊ भिवापूरहून आदल्या रात्रीच आला होता, मोटारसायकल घेऊन. मी माझी स्कूटर काढली आणि तिथेच पहिली चूक केली. इतवारी स्टेशनला आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचं नाव लागलंय, पण रिक्षावाल्याला अजून इतवारीच कळतं. बाहेरची गर्दी नेहमीचीच, हमालांच्या डोक्यावर कापडाचे गठ्ठे. छोट्या लाइनच्या बाजूला शुकशुकाट. भांडेवाडीपर्यंत शोधायला काही अवघड नव्हतं, कारण शहराचा कचरा जिथे जातो तिथपर्यंत नाकच वाट दाखवतं. पुढे शेतं लागली आणि जुना भराव दिसायला लागला. वर रूळ नाहीत, रुळांखालचे आडवे स्लीपरही नाहीत. गिट्टीच्या पट्ट्यात दर दोन फुटांवर मात्र एक आडवी खोलगट खूण. स्लीपर उचलल्यावर राहिलेली.

मला वाटलं होतं लाइन उमरेड रस्त्याच्या कडेने सरळ जात असेल. तसं नाही. रस्ता उमरेडला थेट जातो, लाइन मात्र कुहीवरून वळसा घेते. लहानपणी वाटायचं गाडी हळू आहे म्हणून वेळ लागतो. गाडी हळू होतीच, पण तिला लांबूनही जायचं होतं. कुहीकडची गावं तिच्या वाटेवर यावीत म्हणून. आज रस्त्याने जाणाऱ्याला त्या गावांकडे मान वळवायचंही कारण नाही.

कुहीजवळ माझी स्कूटर पंक्चर झाली. गिट्टीवरून चालवायची नसते, हे आतेभाऊ दोनदा म्हणाला होता. पंक्चरवाल्याकडे बसलो तेव्हा शेजारी चहा पिणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने विचारलं, "जमीन मोजाले आले का जी?" दोन अनोळखी माणसं भराव बघत हिंडतायत म्हणजे मोजणीवालेच असणार. गाडी बघायला आलोय म्हटल्यावर ते हसले. "गाडी नाई तं काय पाहता? आमी तिकिटात जाऊन येत होतो जी नागपूरले, यष्टीच्या निम्म्यातबी कमी. भाजीची टोपली पाय ठेवाच्या जागेत. आता टोपलीसंगं यष्टीत चढा म्हणा." मग स्वतःच म्हणाले, "पण मोठी गाडी आली तं बरंच होईन. पोट्टे पुण्याले जातात, त्याहिले सोयीचं."

मला हे बोलणं आवडलं, कारण त्यात रडगाणं नव्हतं. पण टोपलीचा प्रश्न मनातून गेला नाही. अडीच फुटी गाडीची सगळी मापंच टोपलीची होती: बुटका फलाट, बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, जवळजवळ थांबे. मोठी गाडी मोठ्या कामासाठी पळते. ती लहान थांब्यावर थांबेल का, हे मला माहीत करून घ्यायचं होतं, पण ते उत्तर पंक्चरवाल्याकडे मिळणारं नव्हतं.

उमरेडला कोळशाच्या उघड्या खाणी. काळी धूळ, डंपर, आणि भावाचं कौतुकाने सांगणं की इथून पुढे करांडल्याचं अभयारण्य लागतं. नागझिऱ्याहून आलेला 'जय' नावाचा वाघ इथेच राहायचा. २०१६ साली तो नाहीसा झाला आणि अख्खं विदर्भ त्याला शोधत होतं. एक वाघ हरवला तर बातमी होते, लाइन उखडली तर निविदा निघते. असो.

भिवापूरच्या जवळ आम्हाला मी शोधत होतो ते सापडलं. एका शेताच्या कुंपणाला रुळाचे तुकडे खांब म्हणून गाडलेले, त्यांना तार ओढलेली. एकाच्या बाजूवर उठावदार अक्षरं होती. गंज खरवडून "बी. एन." एवढंच वाचता आलं, पुढचं खरवडलं तरी उमटेना. हे तुकडे नुकते उखडलेल्या रुळांचे नसावेत. तारेची गाठ गंजून खांबाशी एक झाली होती, आणि शेतकरीबुवा म्हणाले, "माह्या बापानं गाडले." म्हणजे रेल्वेने आपले थकलेले रूळ पूर्वीपासूनच गावात वाटून टाकले होते. त्यांच्यावर वेलही चढली होती, वालाची. मोतीबागेत काचेमागे ठेवलेल्या वस्तूंपेक्षा मला तो खांब जास्त खरा वाटला. फोटो काढला. त्यात अक्षरं दिसत नाहीत, फक्त वाल दिसतो.

पुढचं स्टेशन पवनी रोड. नावात रोड असला की समजायचं, गाव लांब आहे. वैनगंगेकाठची पवनी, प्राचीन स्तूपांची, तिथून बरीच दूर. रेल्वेने आणखी आत न जाता नाव तेवढं नेलं. या भागात जुन्या भरावाशेजारी नव्या भरावाची तांबडी माती पडली होती. मोठ्या गाडीला घट्ट वळण चालत नाही, म्हणून नवी वाट जुनीला सोडून सरळ निघते. जुनी मग वळणावर एकटीच पडते, कापलेल्या पतंगाच्या दोरीसारखी. या तुकड्यांचं काय होतं? शेतकरी हळूहळू नांगर आत सरकवतात. एका ठिकाणी तुरीची ओळ गिट्टीच्या टोकापर्यंत आलीच होती.

नागभीडला पोचलो तेव्हा चार वाजले होते. हे चंद्रपूर जिल्ह्याचं गाव, आणि गोंदिया-बल्लारशाह या मोठ्या लाइनवरचं. ती लाइनही एकेकाळी नॅरोच होती. तिचं रुंदीकरण नव्वदच्या दशकात झालं आणि मग वीसेक वर्षं इथे दोन मापं शेजारी नांदली. नागपूरहून आलेल्या माणसाला उतरून पुढच्या गाडीत चढावं लागायचं. आम्ही फलाटावर बसलो असताना एक मालगाडी गेली. फलाट हलला. छोट्या गाडीने हलत नसे, आतेभाऊ म्हणाला, पण तो आत्याचा मुलगा आहे, त्याच्या आठवणींवर किती विश्वास ठेवायचा.

परत येताना रस्त्यानेच आलो, आणि अडीच तासात भिवापूरला थांबूनही नागपूर गाठलं. भिवापूरला एक किलो मिरची घेतली होती, भौगोलिक मानांकन मिळालेली तीच. ती डिकीत न मावल्याने पायांमध्ये ठेवली. उमरेडच्या पुढे वारा उलटा फिरला आणि हेल्मेटच्या आत मी नागपूरपर्यंत शिंकत राहिलो.