आईची नीळ

मागच्या नवरात्रात आईने चष्म्याशिवाय पोथी वाचली. वय 71. ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या आमच्या अख्ख्या वाड्याने कौतुक केलं, मीही केलं. ती मोतीबिंदूची खूण होती. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की त्याचा नंबर बदलतो आणि काही काळ जवळचं विनाचष्मा दिसायला लागतं. लांबचं मात्र धूसर होत जातं. संध्याकाळी महाराज बाड्याच्या चौकात समोरून टेम्पो आला की ती माझा हात घट्ट धरायची. दिव्याला फाटे फुटतात गं, म्हणायची. ते मी वयावर ढकललं, याचं आजही वाईट वाटतं.

डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, तपासलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. डोळ्याचं प्रेशर आणि पडदा ठीक आहे हे ऐकल्यावर माझ्या जिवात जीव आला. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुतेकदा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही.

आत्या म्हणाली, "पिकू दे अजून. आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तर मुळीच नको." तिच्या सासूबाईंच्या वेळी टाके पडायचे, जाड भिंगांचा चष्मा लागायचा, तिची भीती उगाच नव्हती. पण आता चीर जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची असते. अल्ट्रासाउंडने भिंगाचे तुकडे करून ओढून घेतात आणि त्याच्याच पिशवीत घडीचं नवं भिंग उलगडतं. फार पिकलेला मोतीबिंदू टणक होतो, फोडायला उलट अवघड. मी मे महिन्यातलीच तारीख घेतली. थेंबांनीच उजवा डोळा बधिर केला, आणि दुपारी आई घरी होती.

चौथ्या दिवशी तिने कपाट उघडलं आणि तिथेच उभी राहिली. एकदा हा डोळा झाकायची, एकदा तो. "अगं, यांचे सदरे डाव्या डोळ्याने पांढरे दिसतात आणि उजव्याने निळे!"

सदरे निळेच होते. भिंग पिवळं पडलं होतं, म्हणून तिला कपडे पिवळट वाटायचे आणि ती दर धुण्याला नीळ वाढवत गेली. बाबा ते तसेच घालून बँकेत, लग्नाकार्यांत जात राहिले. सांगितलं का नाही, असं मी त्यांना विचारलं.

"इतक्या मायेने धुते ती," एवढंच म्हणाले.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. नीळ सध्या माझ्या ताब्यात.