आरशातली खोली

ठाण्यातल्या आमच्या घराची बाहेरची खोली नऊ फूट रुंद आणि चौदा फूट लांब आहे. तिला खिडकी एकच, तीही नऊ फुटी भिंतीत. आणि शेजारची इमारत इतकी लगटून उभी आहे की आतल्या टोकाला बसून वर्तमानपत्र वाचायचे तर सकाळी अकरालाही दिवा लावावा लागे. खोली काही वाढणार नाही हे एकदा मान्य केल्यावर मी सहा फूट उंच आणि चार फूट रुंद आरसा घ्यायचे ठरवले. आईने विचारले, "एवढ्या मोठ्या आरशात पाहणार काय?" तिने ते थट्टेने विचारले होते, पण गोम नेमकी तिथेच होती, हे मला बरेच उशिरा कळले.

मोठ्या आरशाची माझी कल्पना इराण्याच्या हॉटेलात तयार झाली होती. रस्त्याच्या कोपऱ्यावरचे दुकान, दोन्ही बाजूंना उघडे दरवाजे, संगमरवरी टेबले, आणि भिंतींवर लाकडी चौकटीचे, किंचित पुढे झुकवलेले आरसे. गल्ल्यावर बसलेल्या मालकाला मान न वळवता सगळी टेबले दिसत, हा त्यांचा एक उपयोग. आरशात पाहून केस विंचरू नयेत अशी पाटी लावावी लागे, हा त्यांचा उपद्रव. पण तिथे चहा पिताना माणसाला स्वतःपेक्षा रस्ताच अधिक दिसे. आरशांच्या समोर दरवाजे होते, म्हणून हॉटेलात रस्ता शिरलेला असे.

व्हर्सायच्या राजवाड्यातल्या प्रसिद्ध आरसेमहालाचे गणितही हेच आहे. १६८४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या ७३ मीटर लांबीच्या दालनात बागेकडे उघडणाऱ्या सतरा खिडक्या आहेत आणि त्यांच्या बरोबर समोर आरशांच्या सतरा कमानी आहेत. अखंड मोठी काच तेव्हा सहजी बनत नसल्यामुळे प्रत्येक कमान एकवीस तुकड्यांची केली, म्हणजे एकूण ३५७ आरसे झाले. आपल्या शनिवारवाड्यातही आरसेमहाल होता; १८२८ च्या आगीत वाड्याचे महाल जळाले, त्यामुळे त्याच्यासमोर काय होते ते पाहायची आपली सोय उरलेली नाही.

काचवाल्याने पाच मिलिमीटर जाडीची काच सुचवली. हिशेब केला तर एवढ्या आरशाचे वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास भरते, त्यामुळे तो खिळ्याला टांगायचा विचार सोडून मागे प्लायवूड लावावे लागले. चिकटवायला आंबूस वासाचे सिलिकॉन वापरू नका, त्याने "पारा उडतो", असे त्याने बजावले. पारा हा शब्द मला फार आवडला. काचेमागे चांदीचा थर बसवण्याची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये काढली आणि पुढे तिने कथिल-पाऱ्याच्या लेपाला हद्दपार केले. आपल्या बोलण्यातून मात्र पारा अजून उडालेला नाही.

आरसा पहिल्यांदा लावला तो खिडकीसमोरच्या नऊ फुटी भिंतीवर, आणि साफ चुकला. वस्तू आरशापुढे जितकी दूर, तितकीच तिची प्रतिमा आरशामागे दिसते. त्यामुळे आमची चौदा फुटांची खोली अठ्ठावीस फुटांची झाली, पण रुंदी नऊच राहिली. घर आगगाडीच्या डब्यासारखे दिसू लागले, आणि त्या डब्याच्या दोन्ही टोकांना शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे फडफडत होते. दुसऱ्या आठवड्यात तो लांब भिंतीवर, खिडकीजवळ आणला. तिथे त्याने नऊ फुटांचे अठरा केले. शिवाय त्याची खालची कड थेट फरशीला टेकवली, आणि खरी जादू त्यात निघाली. आरसा भिंतीच्या मध्यावर टांगला की तो तसबिरीसारखा वाटतो; फरशीच्या रेघा मात्र न तुटता काचेत शिरल्या की डोळा बिनतक्रार त्यांच्यामागून आत जातो.

उजेडाच्या बाबतीत मात्र आरशाला थोडे अधिकच श्रेय मिळते, असे माझे मत झाले आहे. चांगली पांढरी भिंतही तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी बराचसा परत देते, फक्त तो सगळीकडे विखरून देते. आरसा तो एकाच दिशेला वळवतो. आमच्या आरशाने केले ते एवढेच, की वरच्या कोपऱ्यातला आभाळाचा तुकडा, जो आतल्या टोकाला कधीच दिसत नव्हता, तो तिथे पोचवला. आता अकरा वाजता दिवा लागत नाही. रात्री मात्र खिडकी काळी पडते आणि आरसा तिचीही इमानाने नक्कल करतो, तेव्हा पडदा ओढून घेणे बरे.

एक अडचण राहिली होती. सोफा आरशासमोर होता, त्यामुळे पाहुणे आमच्याशी बोलताना स्वतःकडे पाहत, पदर सारखा करत, पोट आत घेत. आपण दिसू लागलो की खोली दिसेनाशी होते. सोफा आतल्या भिंतीला नेऊन तिरका ठेवला, तेव्हा कुठे त्यावर बसणाऱ्याला आरशात आपल्याऐवजी खिडकी दिसू लागली.

हे सगळे जमले आणि आईने काचेवर टिकली चिकटवली. रात्री काढलेली टिकली आरशावर लावायची, ही तिची जन्माची सवय. एवढ्याशा मरून रंगाच्या ठिपक्यामुळे काच काच म्हणून दिसू लागली आणि अठरा फुटांचे पुन्हा नऊ झाले. मी ती दोनदा काढून टाकली. मग एका रविवारी शेजारचा चार वर्षांचा मुलगा चेंडूमागे धावत सरळ "त्या" खोलीत शिरायला गेला आणि नाक धरून रडत बसला. आईने त्याला खोबऱ्याची वडी दिली, पाकिटातून नवी टिकली काढली, आणि त्याच्याच डोळ्यांच्या उंचीवर, आरशाच्या बरोबर मध्यभागी, अंगठ्याने दाबून बसवली.