वह्या आवरताना

शनिवार, रात्र

बातमीदारीतून निवृत्त होऊन चार महिने झाले. आज अखेर माळ्यावरचं खोकं खाली काढलं. सत्तावीस नोटपॅड निघाले. स्पायरलच्या तारा गंजलेल्या, काही पानं एकमेकांना चिकटलेली. आणि माझंच अक्षर मला लागेना. उभ्या उभ्या, गुडघ्यावर पॅड टेकवून लिहिलेलं अक्षर ते.

नव्या पोरांना मी वर्षानुवर्षं एकच रडगाणं ऐकवत आलो. माझ्या चांगल्या बातम्या संपादकांनी मारल्या, जाहिरात विभागानं मारल्या, वकिलाच्या एका फोननं मारल्या. जोडीला 'न्यूयॉर्क टाइम्स'चा किस्सा ठरलेला. अमेरिकेच्या पाठबळावर क्युबावर हल्ल्याची तयारी चालू असल्याची बातमी त्यांचा बातमीदार टॅड शुल्ट्झ यानं १९६१ च्या एप्रिलमध्ये आणली. चार कॉलमी मथळा ठरला होता, तो एका कॉलमावर आला. हल्ला तोंडावर आलाय, हा उल्लेखही उडाला. बातमी छापून आल्यावर दहाच दिवसांत क्युबाच्या 'बे ऑफ पिग्ज' किनाऱ्यावर हल्ला झाला, आणि त्याचा पार फज्जा! पुढे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनीच टाइम्सच्या संपादकाला बोलून दाखवलं, की तुम्ही आणखी छापलं असतंत तर आम्ही एवढ्या मोठ्या चुकीतून वाचलो असतो. हे सांगताना माझा आवाज असा चढायचा, की कापलेला मथळा जणू माझाच.

आज पेन्सिल घेऊन वह्यांत खुणा करत बसलो. खरोखर कुणी अडवलेल्या बातम्या भरल्या तीन. बाकीच्या चाळीसेक नोंदींना कुणी बोटही लावलेलं नाही. 'फॉलोअप करणे.' 'परत भेटणे.' 'कागद मिळाले की लिहू.'

त्यातला एक कारकून होता. शर्टाच्या आत घडी घालून बिलांच्या झेरॉक्स आणायचा. एकच काम, एकच सही, तारखा मात्र दोन. मला दुसरा स्रोत हवा होता, आणि त्यात माझं चुकलं असं आजही वाटत नाही. एका माणसाच्या शब्दावर छापू नये. पण तो दुसरा स्रोत शोधायला मी गेलो कुठे? निवडणूक लागली, मग बीट, म्हणजे माझ्याकडचा बातम्यांचा विषय, बदललं. त्याची बदली झाली तेव्हा त्याचा फोन आला होता.

"साहेब, आपल्या बातमीचं काय झालं?"

"वरून अडलंय," मी म्हणालो.

वर मी बातमीची कॉपी दिलीच नव्हती.

त्याच पॅडच्या मागच्या पुठ्ठ्याला एक फोटो अडकवलेला सापडला. सहलीच्या बसचा अपघात. क्राइम बीटवर 'कसं झालं' हे नंतर विचारायचो, 'फोटो मिळाला का' हे आधी. मुलीच्या वडिलांनी शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो काढून दिला. कडेला गोंदाचा पिवळा डाग आहे, कोपऱ्यावर शाळेचा अर्धाच शिक्का. उरलेला अर्धा तिच्या कार्डावर राहिला. दोन वेण्या, आणि कॅमेऱ्याला घाबरून मोठे केलेले डोळे.

त्यांनी एवढंच विचारलं होतं, "परत मिळेल ना? हा एकच आहे."

"उद्या आणून देतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो लागला. बातमीवर माझं नाव, बायलाइनही मिळाली. संध्याकाळी ऑफिसात पाठीवर थाप पडली, आणि मग दुसरी बातमी आली.

मघापासून ते पान चाळतोय. बसचा नंबर आहे. वेळ आहे, सकाळी सहा चाळीस. मृत अकरा, जखमी सव्वीस. दुपारनंतर अकराचे बारा केलेत, तेही नीट गोल करून. ड्रायव्हरचं वय आहे. मुलीचं नाव आहे, इयत्ता आहे, वडिलांचा धंदासुद्धा आहे. पत्ता नाही.

फोटो पाकिटात घातला. पाकीट टेबलावर आहे.