तुम्ही विचारलंत म्हणून: घरासमोरची राखीव जागा कुणाला आणि कधी?

मी व्हीलचेअर वापरते आणि गाडीही चालवते, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. कधी पार्किंगवरून शेजाऱ्यांत जुंपलेली असते, कधी कुणाच्या वडिलांना पक्षाघात झालेला असतो, तर कधी विचारणारा स्वतःच नगरपालिकेच्या वाहतूक खात्यात असतो. प्रश्न ठरलेला: दवाखाना, बाजार, स्टेशन इथे दिव्यांगांसाठी राखीव जागा हवी हे पटतं, पण नुसती घरं असलेल्या रस्त्यावर ती कधी द्यायची? आणि त्याच्या पाठोपाठ, जरा आवाज खाली आणून: एका माणसासाठी सगळ्यांची जागा अडवायची का?

माझं उत्तर आधी सांगून टाकते, मग हवा तेवढा वाद घाला. राहत्या रस्त्यावर ही जागा टक्केवारीने देऊ नये, माणूस बघून द्यावी. तिथे राहणाऱ्या कुणाला गाडीपासून दारापर्यंत पोचणं खरोखरच जमत नसेल, स्वतःच्या आवारात त्याला वापरता येईल अशी जागा नसेल आणि तो घरी परततो त्या वेळी दाराजवळ जागा मिळण्याची खात्री नसेल, तर जागा द्यावी. तिन्ही गोष्टी असतील तर शेजाऱ्यांची हरकत आहे म्हणून अडवू नये. आणि यातली एखादी नसेल, तर नुसतं दिव्यांगत्वाचं कार्ड आहे म्हणून देऊही नये. हे दुसरं वाक्य ऐकून आमच्यातलेच काहीजण माझ्यावर नाराज होतात.

टक्केवारी का नको? अमेरिकेत दिव्यांगांच्या हक्कांसाठी एडीए नावाचा कायदा आहे, त्याच्या 2010 च्या मानकांत वाहनतळांसाठी तक्ता दिलेला आहे: 25 जागांपर्यंत एक राखीव, 26 ते 50 जागांना दोन, असा तो चढत जातो. वाहनतळाला ते योग्यच आहे. तिथे उद्या कोण येणार हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून अंदाजाने जागा सोडून ठेवावी लागते. राहत्या रस्त्यावर कोण राहतं ते मात्र ठाऊक असतं. तिथे तक्ता लावला तर ज्या रस्त्यावर कुणालाच गरज नाही तिथे दोन जागा रंगवल्या जातील आणि ज्या छोट्या बोळात तिघांना गरज आहे तिथे एकच मिळेल. मग तिघांनी आपसात भांडत बसायचं.

आता पहिली अट, अंतराची. ब्रिटनमध्ये चालण्याच्या अडचणीवरून ब्लू बॅज, म्हणजे दिव्यांगांसाठीचा पार्किंग परवाना, देताना जे निकष लावतात, त्यातला एक 50 मीटरचा आहे: त्याच्या पुढे चालता येत नाही असं दिव्यांग भत्त्याच्या सरकारी तपासणीत ठरलं, तर तुम्ही आपोआप पात्र. धडधाकट माणसाला 50 मीटर म्हणजे काहीच वाटत नाही. रस्त्याच्या कडेला एकामागे एक लावलेल्या नऊ-दहा गाड्या मोजा, झाले 50 मीटर. म्हणजे घर मधोमध आणि राखीव जागा कोपऱ्यावर, असं केलं तर कागदावर जागा दिली गेली आणि माणूस तिथेच अडकला. कोपऱ्यावर जागा देऊन समाधान मानणारे अधिकारी मी पाहिले आहेत. कारण कोपऱ्यावर कुणाचं दार नसतं आणि तक्रारही येत नाही.

माझ्या बाबतीत अडचण अंतराची नाहीच. रस्ता सपाट असेल तर चाकं मारत मी अर्धा किलोमीटर सहज जाईन. माझं घोडं अडतं ते गाडीच्या दारापाशी. गाडी थांबली की दार पूर्ण उघडावं लागतं, अर्धं उघडून भागत नाही. व्हीलचेअरचा सांगाडा बाजूच्या सीटवर असतो आणि सुटी केलेली चाकं मागे. सांगाडा स्वतःच्या अंगावरून ओढून बाहेर काढायचा, एका हाताने तोलून धरायचा, दुसऱ्या हाताने एक चाक खटकन बसवायचं, मग तो फिरवून दुसरं. उशी टाकायची, ब्रेक लावायचे, एक हात सीटवर आणि एक खुर्चीवर टेकवून अंग उचलायचं नि सरकायचं. या सगळ्याला दाराबाहेर मीटर-सव्वा मीटर मोकळी जमीन लागते. शिवाय ती सपाट हवी, कारण उतारावर ब्रेक लावलेली खुर्चीसुद्धा ऐन वेळी दगा देते. रस्त्याच्या कडेला रांगेत गाडी लावली की चालकाचं दार नेमकं वाहत्या रहदारीकडे उघडतं. मागून स्कूटर येतेय का ते बघत हे सगळं करायचं असतं.

म्हणून जागा किती मोठी, हा प्रश्न जागा द्यावी की नाही याच्याइतकाच महत्त्वाचा आहे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत रस्त्याकडेच्या समांतर जागेसाठी 6.6 मीटर लांबी आणि किमान 2.7 मीटर रुंदी सांगितली आहे, जमल्यास 3.6 मीटर. भारत सरकारच्या 2021 च्या हार्मोनाइज्ड गाइडलाइन्समध्येही (इमारती आणि रस्ते सगळ्यांना वापरता यावेत म्हणून केलेल्या सूचना) राखीव जागेची रुंदी 3.6 मीटर धरलेली आहे. जास्तीची लांबी लागते ती मागच्या दारातून रॅम्प उतरवणाऱ्या गाड्यांसाठी. नेहमीच्याच मापाच्या चौकोनात व्हीलचेअरचं चित्र काढलं, तर कुबड्या घेऊन चालणाऱ्याचं काम होईल, माझं होणार नाही. आणि अरुंद रस्त्यावर 3.6 मीटर देणं खरोखरच शक्य नसतं, हेही मान्य करायला हवं. तिथे निदान लांबी तरी पुरेशी द्यावी, आणि फुटपाथवर चढायला उतरता काठ जवळ असावा.

त्या चित्राचीही एक गंमत आहे. निळ्या चौकोनातली व्हीलचेअर 1968 मध्ये सुझॅन कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढली. चित्र इतकं नेमकं जमलं की आता लोकांना दिव्यांग म्हणजे व्हीलचेअर असंच वाटतं. मग फुफ्फुसांच्या आजाराने दम लागणारा माणूस गाडीतून उतरून चार पावलं चालला की वरच्या खिडकीतून कुणीतरी म्हणतंच, ‘हा तर चालतोय की!’ चार पावलं चालतो, चाळीस चालू शकत नाही, हे खिडकीतून दिसत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेली माणसं कधी सकाळी बरी असतात आणि संध्याकाळी पाय उचलत नाही. इंग्लंडने ऑगस्ट 2019 पासून न दिसणाऱ्या अडचणींसाठीही बॅज द्यायला सुरुवात केली. भारतात 1995 च्या कायद्यात दिव्यांगतेचे सात प्रकार होते, ते 2016 च्या कायद्यात 21 झाले. कायदे बदलत गेले, खिडकीतली नजर अजून तिथेच आहे.

दुसरी अट आवाराची. ‘तुमचं गॅरेज आहे ना?’ एवढ्या एका वाक्यावर अर्ज फेटाळले जातात. गॅरेज आत आठ-सव्वाआठ फूट रुंद, म्हणजे अडीच मीटर. गाडी नुसती पावणेदोन मीटर नव्हे, आरसे धरून चांगली दोन मीटर. उरले अर्धा मीटर, तेही दोन्ही बाजूंना मिळून. सडपातळ माणूस अंग चोरून बाहेर पडेल. मी आत गेले तर गाडीतच बसून राहीन. तेव्हा ‘जागा आहे का’ असं विचारू नका, ‘त्या माणसाला तिथे चढता-उतरता येतं का’ ते स्वतः जाऊन बघा. उलट बाजूही सांगते: आवार व्यवस्थित आहे, पण तिथे मुलाची गाडी लावायची म्हणून वडिलांच्या नावावर रस्त्यावर जागा मागितली जाते. अशा अर्जाला सरळ नाही म्हणावं.

तिसरी अट वेळेची, आणि तिच्यात सगळ्यांत जास्त चूक होते. पाहणीला माणूस येतो सकाळी अकराला. निम्मा रस्ता रिकामा. तो लिहून जातो, ‘पुरेशी जागा उपलब्ध.’ अहो, अकराला सगळे कामावर गेलेले असतात. रात्री नऊला या, नाहीतर सुट्टीच्या दिवशी दुपारी.

या वेळेच्या गोष्टीमागे जे दडलेलं असतं ते पाहणीत कधीच सापडत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. दाराजवळ जागा मिळण्याची खात्री नसलेला माणूस जागा शोधत फिरत बसत नाही, तो गाडीच हलवत नाही. दुपारी मैत्रिणीकडे जायचं असतं, पण परत येईपर्यंत दारातली जागा गेली तर? मग पुढचे दोन तास गाडीत बसून कुणीतरी निघायची वाट बघायची, किंवा लांब लावून अंधारात रस्त्यावरून यायचं. त्यापेक्षा नकोच. व्यायामाला जाणं सुटतं, मग संध्याकाळच्या भेटी, मग रात्रीचं बाहेर पडणंच. आणि शेजारी प्रामाणिकपणे म्हणतात, ‘त्यांची गाडी कायम दारातच तर असते, त्यांना राखीव जागा कशाला?’ गाडी कायम दारात असणं हीच अडचणीची खूण असू शकते. उलट जागा मिळाल्यावर ती दिवसा रिकामी दिसली की तक्रार येते: बघा, जागा फुकट जातेय. ती रिकामी आहे कारण माणूस बाहेर पडला आहे. त्यासाठीच तर दिली होती.

बॅज किंवा परवाना मिळाला म्हणजे जागा मिळाली, असाही एक गैरसमज आहे. ब्रिटनमध्ये 1970 च्या कायद्यातून ऑरेंज बॅज आला, तो 1971 पासून मिळू लागला आणि 2000 मध्ये त्याचा ब्लू बॅज झाला. त्याने कुठे थांबता येईल याची मुभा मिळते, पण रस्ता भरलेला असेल तर ती मुभा खिशात घेऊन फिरायचं. शिवाय तिथे रस्त्यावरची साधी राखीव जागा अर्जदाराच्या मालकीची होत नाही, कुठलाही बॅजधारक तिथे गाडी लावू शकतो. नेदरलँड्समध्ये फलकाखाली गाडीचा नंबर लिहून जागा त्या एका गाडीसाठी राखता येते. जर्मनीतही फलकावर परवान्याचा क्रमांक घालून असं करता येतं. चांगलं कोणतं? दवाखान्याजवळच्या किंवा दुकानं असलेल्या रस्त्यावर जागा सगळ्या परवानाधारकांसाठी खुली असावी. निव्वळ घरांच्या, खचाखच भरलेल्या रस्त्यावर मात्र मी नंबरवाल्या जागेच्या बाजूने आहे. खुली जागा दुसऱ्या परवानाधारकाने रात्रभर घेतली, तर ज्याच्या गरजेवरून ती मंजूर झाली तोच रस्त्यावर राहतो, आणि दोघांपैकी कुणालाच दोष देता येत नाही.

इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी तिसराच प्रकार चालतो: जागा रंगवायची, पण त्यामागे कायदा नाही. शेजाऱ्यांनी समजून घ्यावं एवढीच अपेक्षा, दंड नाही. त्यात रीतसर आदेशाचा वेळ आणि खर्च वाचतो. स्कॉटलंडने 2009 मध्ये कायदा करून रस्त्यावरच्या अशा जागा दंडनीय करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. मला स्कॉटलंडचं पटतं. नुसत्या रंगाच्या जागेत कुणी गाडी लावली, तर ती काढायला सांगायला जायचं कुणी? ज्याला पायऱ्या चढून शेजाऱ्याची घंटा वाजवता येत नाही त्यानेच.

स्वतः गाडी न चालवणाऱ्यांचं काय, असंही विचारतात. आईला मुलगा चालवून नेत असेल, तर तो तिला दारात उतरवून गाडी लांब लावू शकतो, तिथे राखीव जागेची गरज कमी. पण आईला विस्मरणाचा आजार असेल आणि दोन मिनिटं एकटं सोडता येत नसेल, किंवा लहान मुलाला श्वासाचं यंत्र लावलेलं असेल, तर दारात उतरवून जाणं हा पर्यायच उरत नाही. मुलगा दुसरीकडे राहतो आणि अधूनमधून येतो, एवढ्यावर मात्र जागा देऊ नये.

दिलेली जागा काढायची कधी, हे देतानाच ठरवावं. ब्रिटनमध्ये बॅज जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. जागेचं नूतनीकरण त्याला जोडलं की काम आपोआप होतं. नाहीतर माणूस वारतो, घरचे त्या दुःखात कळवत नाहीत, शेजाऱ्यांना विचारायची लाज वाटते, आणि रंग वर्षानुवर्षं तसाच राहतो. मग पुढच्या खऱ्या अर्जाच्या वेळी त्याच रिकाम्या चौकोनाकडे सगळे बोट दाखवतात.

राहिला शेजाऱ्यांच्या संमतीचा मुद्दा. जागा द्यावी का, हे त्यांना विचारू नये, मतदान तर अजिबात घेऊ नये. जागा कुठे असावी हे मात्र जरूर विचारावं, कारण ते त्यांना कार्यालयापेक्षा जास्त ठाऊक असतं: कुठे पाणी तुंबतं, कुठल्या झाडाच्या मुळांनी फुटपाथ उचलला आहे, कचऱ्याची गाडी कुठे मागे घेते. दोन मीटर इकडे की तिकडे, यावर त्यांचं ऐकायला काहीच हरकत नाही. फक्त त्यांना जी नोटीस द्याल तिच्यात अर्जदाराचा आजार लिहू नका. तो तपासणाऱ्या कार्यालयाला कळला, तेवढं पुरे.