व्हॉइस चॅनेलमधलं चौथं नाव

काल रात्री साडेदहाला डिस्कॉर्ड, म्हणजे गेम खेळताना एकमेकांशी बोलायचं आमचं ॲप, उघडलं तर व्हॉइस चॅनेलमध्ये चार नावं. म., र., सु. हे माझे नेहमीचे खेळगडी आणि एक मला माहीत नसलेलं. एवढंच झालं. कुणी काही बोललं नाही, कुणी मला काढलंही नाही. मी आत गेले नाही, फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ झोप आली नाही.

सकाळी र.चा मेसेज. ‘अगं, तो म.च्या ऑफिसातला. तू येत नव्हतीस म्हणून घेतला. तू लॅपटॉप बदल की आता.’ वाईट काहीच नाही त्यात. तरी ‘तू येत नव्हतीस’ हे तीन शब्द दिवसभर डोक्यात आहेत. मी येत नव्हते की मला येता येत नव्हतं?

माझा लॅपटॉप २०२० चा. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, त्याची मेमरी ४ जीबी. व्हॅलोरंट, आम्ही खेळायचो ती नेमबाजीची गेम, त्यावर वर्षानुवर्षं मस्त चालली, कुरकुर नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात बॅटलफिल्ड ६ आली आणि तिघं तिकडे गेले. ती गेम किमान आरटीएक्स २०६० मागते, माझ्यापेक्षा वरचं कार्ड, आणि स्क्वॉड, म्हणजे एकत्र खेळणारी टोळी, असतो चौघांचा. तीन आणि मी, असं चार पटकन डोळ्यासमोर आलं होतं. दोन महिने मी ‘बघते, घेते’ म्हणत राहिले आणि त्यांनी चौथा बघितला.

बघत मी खरंच होते. आरटीएक्स ५०६० वाले लॅपटॉप मे महिन्यात आले, तेव्हापासून. सव्वा लाखाच्या आसपास आहेत. ५०७० घ्यावा का, हा विचार एका रात्रीत सुटला, कारण लॅपटॉपमध्ये त्यालाही ८ जीबीच मेमरी. तेवढ्याच मेमरीला वरचे पैसे कशाला? १२ जीबी पाहिजे तर ५०७० टीआय, आणि तो माझ्या आवाक्यात नाही. खरी मेख वॅटमध्ये आहे, म्हणजे कार्डला किती वीज मिळते त्यात. ५०६० हे एकच नाव, पण कंपनी त्याला ४५ वॅट देऊ शकते आणि १०० सुद्धा. डब्यावर नाव तेच, किंमत उन्नीस-बीस, पण पातळ सुंदर दिसणारा लॅपटॉप खेळताना दम टाकतो आणि जाडजूड, न आवडणारा पुढे जातो. हे डब्यावर मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही, स्पेसिफिकेशनच्या तळाशी बारीक अक्षरात शोधावं लागतं. जाहिरातीतले फ्रेमचे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचे, आकडेही तसेच. मल्टी फ्रेम जनरेशन चालू केलं की खऱ्या एका फ्रेममागे एकाहून जास्त फ्रेम यंत्रानं तयार केलेल्या असतात. चित्र गुळगुळीत दिसतं, पण बटण दाबल्यावर गोळी सुटायला लागतो तेवढाच वेळ लागतो, उलट किंचित जास्तच.

गुरुवारी कामावरून येताना इथं सोलापुरातच नव्या पेठेतल्या दुकानात गेले. पोरानं लॅपटॉप उघडून दाखवला, कीबोर्डखाली रंग फिरायला लागले. मी वॅट विचारले. त्यानं चार्जरवरचा आकडा वाचून सांगितला. मी परत विचारलं, ग्राफिक्स कार्डला किती? तो आत जाऊन आला आणि म्हणाला, ‘मॅडम, हे फुल पॉवरचंच आहे.’ मग म्हणाला, रॅमचे भाव चढलेत, पुढच्या महिन्यात हा भाव मिळणार नाही. रॅमचं खरं आहे, एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी ओढून घेतलीय. पण घाई केली की माझे हात आखडतात. ‘नो कॉस्ट’ हप्त्याचंही त्यानं सांगितलं. त्यात व्याज सवलत म्हणून परत देतात, मात्र त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच खिशातून जातो, वर प्रोसेसिंग फी. रोख घेणाऱ्याला जी सूट असते ती बहुतेक वेळा मिळत नाही ती वेगळीच.

आणि सोलापूरचा उन्हाळा. आत्ता डिसेंबरात सगळं छान वाटतं. एप्रिलमध्ये आमच्या वरच्या खोलीत रात्री दहालाही भिंतीला हात लावला की ऊब जाणवते. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढणार. पुण्यात पंचविशीची हवा ओढणारं यंत्र आणि इथं अडतिशीची ओढणारं, दोन्ही एकच कसं चालेल? चिप तापली की ती स्वतःच वेग कमी करते. वॅटचे पैसे मोजायचे आणि वापरायचे ते फक्त थंडीत!

त्यात आमची पिंज, कामावरच्या सुताचे उडणारे बारीक तंतू. जुना लॅपटॉप परवा उघडला. टॉवेलच्या शेडमधून कपड्यांना लागून येते की बॅगेतून, कोण जाणे. पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक पट्ट्यांवर कापसाचा थर बसला होता, करडा, मधूनच गुलाबी. गेल्या वर्षीच्या त्या मोठ्या ऑर्डरचं गुलाबी सूत. चिमट्यानं टोक धरलं आणि ओढलं तर पापडासारखी अख्खी निघाली. उजेडात धरून कितीतरी वेळ बघत बसले. मी डिझाइन केलेला टॉवेल माझ्याच लॅपटॉपच्या नाकात. त्यानंतर तो दहा अंशांनी थंड झाला, तरी १६५० ते १६५०च.

आईला किंमत कळली. ‘तेवढ्यात तोळाभर सोनं येतंय की गं, जवळजवळ.’ बरोबर आहे. सोनं ठेवलं तर वाढतं, लॅपटॉप दुकानाबाहेर आणला की उतरतो. ती रागावली नाही. येत्या रविवारी जे येणार आहेत त्यांच्या पुढ्यात काय घालायचं, हेच तिच्या मनात. ते आज लिहायचं नाही.

मला टोचतंय ते दुसरंच. आमच्याकडे पाणी येतं ते काही दिवसांआड, आणि नेमकं रात्री. गेम ऐन रंगात आली की खाली नळाला सुसाट आवाज यायचा. मी ‘पाणी आलं’ म्हणून हेडसेट काढून पळायचे. बॅरल, दोन टाक्या, स्वयंपाकघरातली भांडी. अर्धा तास कुठं गेला कळायचं नाही. ओल्या हातानं परत यावं तर तिघं लॉबीत तसेच बसलेले, म.च्या मेसमधल्या भाजीवर चर्चा चाललेली. ‘भरलं का गं?’ सु. विचारायची. तिच्या आईकडेही त्याच दिवशी पाणी असतं. आप्पांच्या त्या तीन महिन्यांत मी एकदाही खेळले नाही, तेव्हाही त्यांनी कुणाला घेतलं नव्हतं. त्या नवीन मुलाला पाण्यासाठी उठावं लागत नसणार. पुण्यात ट्रेनिंगला जायचं होतं तेव्हा मी गेले असते तर... असू दे.

काल रात्रभर मला वाटत होतं की जागाच गेली, आता सव्वा लाख घालून काय करायचं? कुणासाठी? रडू येईल असं झालं होतं. आज दुपारी ताटं घासताना ध्यानात आलं की जागा गेली हे मनाशी मान्य करूनही लॅपटॉप मला हवाच आहे. तेवढाच. जराही कमी नाही. हे मला नवीन होतं. मैत्रिणीला, आईला, स्वतःला मी सांगत आले की ही सगळी बाहेरगावी गेलीत, खेळलो तरच भेट होते. ते खरं आहेच. पण घरात सांगायला ते बरं दिसतं म्हणूनही मी ते पुढं करत असणार. मला खेळायलाच आवडतं. एकटीला सुद्धा. गोष्टीच्या मोठ्या गेम मला खेळायच्या आहेत, त्यातल्या काही तर रे ट्रेसिंगचं, म्हणजे खऱ्यासारखा उजेड-सावली दाखवणारं, हार्डवेअर नसेल तर सुरूही होत नाहीत. दिवसभर टॉवेलच्या काठावर मोर बसवायचा, रात्री दोन तास कुठल्यातरी जंगलात फिरायचं. याला आणखी कारण कशाला पाहिजे?

कामाचं कारणही आहे हाताशी, ‘डिझाइनला लागतो.’ सगळे पटकन मानतील. पण आमच्या जॅकार्डच्या, म्हणजे विणून उठवायच्या नक्षीच्या, फायली ऑफिसातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर सुद्धा उघडतात. ते कारण मी वापरणार नाही.

संध्याकाळी आईनं विचारलं, ‘पण करायचं काय त्याचं?’ मी म्हटलं, खेळायचं. ती शेंगाचटणी डब्यात भरत होती. ‘एवढं खेळायचं असतंय होय?’ म्हणाली. म्हटलं, असतं. तिनं झाकण लावलं आणि म्हणाली, ‘आप्पांना तू सांग.’

म.शी बोलले मग. तो हसला, ‘ये ना, पाच होऊ, आळीपाळीनं बसू बाहेर.’ म्हणजे चारच्या स्क्वॉडमध्ये एकजण बाहेर, कधी दुसऱ्या स्क्वॉडमध्ये अनोळखी लोकांबरोबर. एखाद्या शनिवारी ती मी असेन. सकाळी हे ऐकलं असतं तर लागलं असतं. आत्ता एवढं काही वाटलं नाही. नवीन मुलगा चांगला निशाणा मारतो म्हणे, आम्हाला ते कुणालाच नीट जमत नव्हतं.

घ्यायचा तर जाड अंगाचा घ्यायचा, मागं आणि बाजूला मोठ्या जाळ्या असलेला, ५०६० ला पूर्ण १०० वॅट देणारा. दुकानात लेखी दाखवलं नाही तर तिथून घ्यायचा नाही. तळाचे स्क्रू साधे असावेत, पिंज काढायला मला उघडता आलं पाहिजे. हप्ता नको. दिवाळीचा बोनस हात न लावता ठेवलाय आणि आरडी जानेवारीत पुरी होतेय, मोडली तर व्याज कमी मिळतं. तोवर भाव दोन-पाच हजारांनी चढला तर चढला. गड्ड्याला, आमच्या जानेवारीतल्या जत्रेला, तिघंही येतातच घरी, तेव्हा र.ला घेऊन नव्या पेठेत जाईन. दुकानदाराला वॅट विचारायला तो माझ्यापेक्षा चिकट आहे.